चौथ्या गटातलं मडकं

माणसाची समाजातली खरी जागा त्याला आयुष्यात एकदाच, लेखी स्वरूपात कळवली जाते. मला ती नागपूरच्या विमानतळावर कळली. कागदाच्या एका पट्टीवर माझं नाव, सीटचा नंबर आणि त्याखाली ठळक अक्षरांत गट चार असं छापलेलं होतं. पट्टीच्या मागच्या बाजूला गुडघेदुखीवरच्या तेलाची जाहिरात होती.

गट एकूण चारच होते.

मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. दरबारात कोणी कुठे बसायचं, कोणाला विडा आधी मिळायचा, कोणाला उभं राहूनच बोलावं लागायचं, हे मी मुलांना मोठ्या चवीनं सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, की हे सगळं आता संपलं. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. त्यांच्यापैकी कोणी पुढे विमानानं फिरत असेल, तर त्यानं ती ओळ एव्हाना खोडली असावी.

त्या दिवशी माझ्यासोबत माझे मामा होते आणि मामांच्या मांडीवर एक मडकं होतं. ते मडकं कुठे चाललं होतं हे आधी सांगायला हवं.

आई तेव्हा माझ्या धाकट्या भावाकडे बंगळुरूला होती. तिचं पोटाचं दुखणं आठ महिने चाललं होतं आणि डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, की आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. हे वाक्य डॉक्टर कधी बोलतात ते सगळ्यांना कळतं. आईलाही कळलं असणार. तिनं लांब रोटी मागितली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणीक इतकी सैल भिजवायची की दुसरीकडच्या बायका तिला फसलेली म्हणतील. ती परातीत आपटायची, ओढायची, परत आपटायची. मग गोळा हातांवर घेऊन कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. रोटी रुमालासारखी पातळ होते. मडकं मात्र जुनं लागतं. नव्या मडक्यावर पहिल्या दहा-वीस रोट्या चिकटतात आणि कधी कधी मडकंच तडकतं. भावाच्या बायकोनं मोबाइलवर व्हिडिओ बघून लांबट पोळी लाटली आणि तव्यावर भाजली. आईनं एक घास खाल्ला, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "चांगली हाय वं पोळी." त्यातल्या पोळी या शब्दावर सूनबाई दोन दिवस रडली.

ही रोटी करणारं आमच्या घराण्यात आता एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे मामा. आजी आजारी असताना आईनं स्वतःच्या मदतीला आपल्या या धाकट्या भावाला चुलीपाशी बसवलं होतं. तेव्हापासून त्यांचा हात बसला. कळमेश्वरच्या पलीकडे त्यांचं गाव आहे. तिथे लग्नाकार्यात बायका हसायच्या आणि तरी त्यांनाच बोलवायच्या. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, विमानात कधी बसले नव्हते, आणि मी फोनवर आईचं मागणं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मडकं हातात घेऊन जाऊ देतेत काय?"

रेल्वेनं मडकं निर्धास्त गेलं असतं. पण रेल्वेला वेळ लागतो, आणि वेळाचं कोणीच काही सांगत नव्हतं.

मडकं मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बाजारच्या कापडी पिशवीत घातलेलं होतं. तपासणीच्या पट्ट्यावरून ते आत गेलं, पडद्यावर गोल दिसलं आणि बाहेर काढायला सांगितलं गेलं. वर्दीतल्या जवानानं लुगडं सोडलं. वीस वर्षांची काजळी त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांना लागली.

"ये क्या है, बाबाजी?"

"रोटी का मटका."

"खाली है?"

"रोटी वहाँ जाके बनायेंगे ना, भाऊ."

जवानानं कागदाची एक पट्टी मडक्यावर घासली. पट्टी काळी झाली. ती यंत्रात घातल्यावर यंत्रानं बराच विचार केला आणि काजळीला निर्दोष ठरवलं. लुगडं मात्र त्यानं स्वतः परत गुंडाळलं, आणि मामांपेक्षा नीट गुंडाळलं.

आम्ही गेटसमोर जाऊन बसलो. विमान सुटायला तासभर होता आणि काउंटरसमोर चाळीसेक माणसं आधीच उभी होती. कोणालाच बोलावलेलं नव्हतं. प्रत्येकजण रांगेत नसल्यासारखा चेहरा करून उभा होता आणि तरी पुढच्याच्या टाचेला प्रत्येकाची बॅग टेकलेली होती.

"हे लोक काहून उभे हाय गा? बोलावलं काय याईले?" मामांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"आपला नंबर लागेल म्हणून."

"नंबर तं कागदावरच लागला हाय." मामांनी आपली पट्टी पाहिली. "आपला कितवा?"

"चौथा."

"किती हाय?"

"चारच."

मामांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. घरच्या माणसानं शेवटच्या पंगतीला बसायचं असतं.

मी त्यांना ही व्यवस्था समजावून सांगितली. ज्यांना चालता येत नाही आणि ज्यांच्या कडेवर लेकरं आहेत, ते सगळ्यात आधी. मग पहिला गट: पुढच्या सीटचे जास्तीचे पैसे भरणारे आणि विमान कंपनीचं कार्ड बाळगणारे. मग मागच्या रांगांचा दुसरा आणि मधल्यांचा तिसरा. सगळ्यात स्वस्त तिकीट काढून उरलेली सीट घेणारे चौथ्यात. मागच्यांना आधी बसवलं म्हणजे वाट अडत नाही, असं यामागचं शास्त्र सांगतात. फक्त त्यांच्याही आधी पुढच्या रांगांचे मानकरी आत जातात आणि वाटेतच उभे राहून कोट काढतात, त्यामुळे शास्त्राला दारात थांबावं लागतं.

"सीट ठरलेली हाय ना?" मामा म्हणाले.

"हो."

"विमान सगळ्याईले घेऊनच उडन ना?"

"हो."

"मंग पहिले जाऊन करतेत काय?"

मी म्हणालो, "बसून राहतात." ते विनोदी होतं आणि चुकीचं होतं. खरं उत्तर डोक्यावरच्या कप्प्यांत असतं. विमानात सीट प्रवाशांइतक्या असतात, पण सामानाची जागा त्यांच्या बॅगांइतकी कधीच नसते. आधी जाण्यात मिळते ती तेवढीच एक गोष्ट. तीस वर्षं मानपानाचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं, की मानामागे बहुतेक वेळा एक फळी असते आणि तिच्यावर काहीतरी ठेवायचं असतं.

रांगेच्या अगदी तोंडाशी एक गृहस्थ होते. एप्रिल महिना, नागपूर, आणि अंगात निळा ब्लेझर. सोबत चार चाकांची चंदेरी पेटी. ते फोनवर इंग्रजीत कोणाला तरी सांगत होते, की ते स्वतः पोचेपर्यंत काहीही ठरवू नये. मी मनातल्या मनात त्यांच्यावर दोन-तीन चांगली वाक्यं रचली. इथे ती देत नाही.

घोषणा झाली. वर्दीतली एक मुलगी आमच्याकडे आली आणि वाकून म्हणाली, "बाबाजी, आप पहले जा सकते हैं. सीनियर सिटीझन के लिए है."

मामांनी चाकांच्या खुर्च्यांवरून ढकलत नेली जाणारी माणसं पाहिली. "मी काय आजारी हाय?" त्यांनी मला विचारलं, आणि तिला हात जोडून म्हणाले, "होऊ द्या बाई, होऊ द्या. ते आधी."

मुलगी हसली आणि गेली. मीही हसलो. पहिला गट गेला. ब्लेझरवाले पेटी पुढे करून आत शिरले. मग दुसरा गट गेला, मग तिसरा. अखेर आमचा पुकारा झाला. मी उठलो. मामा बसून राहिले. त्यांनी खिसा चाचपला, चष्मा काढून पुसला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या."

आमच्याकडची रीत ज्याला माहीत नाही त्याला हे विचित्र वाटेल. गावाकडच्या लग्नात पंगतीला पहिलं बोलावणं होतं ते मांडवाला असतं, माणसाला नसतं. त्या बोलावण्यावर उठतो तो हावरा. भला माणूस तेव्हा दुसरीकडे बघतो आणि शेजाऱ्याशी पावसापाण्याचं बोलू लागतो. मग घरधनी दुसऱ्यांदा येतो, "चला जी, पानं वाढून राहिली" म्हणतो. तरी भला माणूस "होऊ द्या" म्हणतो. तिसऱ्यांदा कोणीतरी जवळचं माणूस येऊन त्याचा दंड धरतं आणि ओढतं. तेव्हा तो उठतो, नाइलाजानं, दुसऱ्याच्या शब्दाखातर. मी माझ्या वडलांना असं उठताना पाहिलं आहे, आणि सासऱ्यांनाही. एकदा एका लग्नात दोन व्याही एकमेकांचा दंड धरायची वाट बघत बसले आणि भात संपला.

म्हणजे मामा कशाची वाट बघत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. मी वाकून त्यांचा दंड धरायचा होता आणि "चला मामा" म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यांच्या शेजारी एकच जवळचं माणूस होतं, ते म्हणजे मी.

मी धरला नाही. मी परत बसलो आणि बघत राहिलो, कारण मला ते फार आवडलं होतं. अख्खं दालन पहिल्या हाकेला धावलं होतं आणि एकच म्हातारा तिला मान देत नव्हता. हे कुठेतरी लिहिता येईल असं माझ्या मनात आलं. मांडीवरच्या मडक्याचा विचार आला नाही.

चौथा गट आत गेला. दालन रिकामं झालं. मग ध्वनिक्षेपकावरून नाव आलं, मामांचं, आडनावासकट, वडलांच्या नावासकट, आणि त्यामागून माझं. शेवटची सूचना होती. नाव उच्चारताना तिथल्या मुलीची जरा फजिती झाली, पण नाव पूर्ण आलं.

मामांचा चेहरा उजळला. ते उठले, मडकं कडेवर घेतलं आणि चालता चालता मला म्हणाले, "पाह्य. आपलं नाव घेतलं. त्या कोटवाल्याचं नाव घेतलं काय? नंबरानंच हाकललं त्याईले."

विमानाच्या दाराशी, बोगद्याच्या टोकाला एक तरुण कर्मचारी कागदी बिल्ल्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. त्याच्या पायाशी पाच-सहा बॅगा पडल्या होत्या, सगळ्या चौथ्या गटातल्या.

"सर, ऊपर जगह फुल है. बैग नीचे जाएगा."

"बॅग नाही बाप्पा," मामा म्हणाले, "मडकं हाय."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. "फ्रॅजाइल का स्टिकर लगा देता हूँ." त्यानं लाल चिकटपट्टी काढली. तिच्यावर तडा गेलेल्या पेल्याचं चित्र होतं.

मामांनी ते चित्र लक्ष देऊन पाहिलं. "हा तं फुटलेलाच हाय."

मी मध्ये पडलो. मी माझं नाव सांगितलं, प्राध्यापक असल्याचं सांगितलं, निवृत्त हा शब्द गाळला. आयुष्यभर ज्या सुराची टिंगल केली तो सूर माझ्या तोंडून इतका सफाईनं निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. त्या पोरावर काही परिणाम झाला नाही. त्याला दार लावायचं होतं. सीटखाली ठेवू म्हटलं, तर मडकं तिथे मावत नव्हतं. मांडीवर घेऊ म्हटलं, तर उडताना मांडीवर काही चालत नाही.

"असं कर," मामा त्याला म्हणाले, "मले टाक सामानात. मडकं बसव माह्या सीटवर. पट्टा बांध त्याले."

पोरगा हसला नाही. पण त्याचे हात थांबले. मग मामा एकदम हळू आवाजात, पण मराठीतच बोलले. समोरच्याला किती कळतंय याची फिकीर त्यांनी केली नाही. "माही बहीण हाय तिथं. तिनं लय दिवसानं काही मांगलं खायाले. हे फुटलं तं दुसरं नाही."

बोगद्यातून हळू आवाजही आतपर्यंत जात होता. दारातून पहिलीच रांग दिसत होती. तिथून निळा ब्लेझर उठला. बाहेर येऊन त्यांनी लुगड्याचा कोपरा उचलला आणि काळा गोलावा पाहिला.

"लंबी रोटीचं हाय काय, काका?"

"हो जी."

ते मागे वळले, वरचा कप्पा उघडला, आपली चंदेरी पेटी ओढून काढली आणि त्या पोरासमोर ठेवली. "ये डाल दे नीचे. कपडेच हैं."

त्यांनी आमचे आभार ऐकून घेतले नाहीत. मडकं कप्प्यात ठेवून, त्याला आपल्या मानेच्या उशीचा टेकू देऊन ते बसले आणि डोळे मिटले. मी रचलेली वाक्यं तेव्हा माझ्याजवळ होती आणि त्यांचं काय करावं ते मला समजत नव्हतं.

आमच्या सीट शेपटीकडे आणि वेगवेगळ्या होत्या, दोन्ही मधल्या. मामांच्या उजव्या हाताला खिडकी होती. खाली ढग आले, नद्या आल्या. मामांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. विमानात पहिल्यांदा बसलेला तो माणूस दीड तास पुढच्या कप्प्याच्या झाकणाकडे बघत होता. एकदा विमान हादरलं तेव्हा सगळ्यांनी हाताच्या दांड्या धरल्या. मामा अर्धवट उभे राहिले आणि त्यांना खाली बसवावं लागलं. मी दोन रांगा मागून त्यांची मान बघत होतो. गेटवर मी एक हात पुढे केला असता तर त्या मानेला एवढं ताठ राहावं लागलं नसतं, हे मला पहिल्यांदा तिथे स्वच्छ कळलं.

उतरल्यावर ब्लेझरवाले बाहेर मडकं घेऊन उभे होते. त्यांच्या छातीवर काजळीचा पंज्याएवढा डाग पडला होता. "जरा लवकर या ना काका," ते वैतागून म्हणाले, "मी कवाचा उभा हाय."

मामांनी मडकं घेतलं, चारी बाजूंनी हात फिरवला, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. मडकं शाबूत होतं.

मला वाटलं, झालं. पण मामा सामानाच्या पट्ट्याकडे चालू लागले.

"मामा, आपलं काही यायचं नाही त्यात."

"त्यायची पेटी हाय ना. आपल्यापायी गेली."

भावाचा फोन आला. आई जागी होती. दुपारच्या गोळीनंतर तिला दोन तास बरं वाटायचं, मग रात्रीपर्यंत झोप. मी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि जागचे हलले नाहीत. ब्लेझरवाले तीन वेळा म्हणाले, "तुम्ही निघा काका." मामा तीन वेळा म्हणाले, "येऊ द्या जी, येऊ द्या." मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. पट्टा अर्धा तास दुसऱ्यांच्या बॅगा फिरवत होता. पेटी आली तेव्हा तिचं एक चाक नव्हतं.

मामांनी पेटीकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "बरं झालं हे नाही गेलं."

गृहस्थांनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तीन चाकांवर पेटी ओढत ते निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

भावाचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. आम्ही पोचलो तेव्हा आई झोपली होती. पलंगावर ती इतकी लहान दिसत होती की मामा दारातच थांबले. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि मडकं ठेवायला जागा शोधू लागले. तिथे काळ्या काचेची एक गुळगुळीत फरशी होती.

"चूल कुठं हाय सूनबाई?"

सूनबाईनं काचेकडे बोट दाखवलं. ती विजेवर चालत होती आणि फक्त लोखंडाच्या भांड्याला तापवत होती. मी, भाऊ आणि मामा अशा आम्ही तिघांनी आठवडाभर फोनवर गव्हाबद्दल, मडक्याबद्दल, विमानाबद्दल बोलणं केलं होतं. विस्तवाबद्दल कोणी बोललं नव्हतं. मामांनी तरी मडकं त्या काचेवर पालथं घातलं. काचेनं तीनदा बारीक आवाज केला आणि ती बंद झाली.

रात्रभर मामा बैठकीत बसून होते की झोपले, मला माहीत नाही. सकाळी भाऊ शेजारच्या बांधकामावरून सहा विटा आणि फळ्यांचे तुकडे घेऊन आला. बाल्कनीत चूल मांडली गेली. धूर वर जायला लागला आणि भिंतीवरचा इंटरकॉम वाजू लागला. पहारेकरी विचारत होता, आग लागली आहे का. सूनबाईनं त्याला सांगितलं, की अजून नीट लागली नाही.

मामांनी परातीत कणीक आपटायला सुरुवात केली. तो आवाज घरभर गेला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट:

"पाणी कमी पडलं वं सूनबाई. सांग त्याले."

मामांनी पाणी घातलं. परत आपटलं.

"आता बरं हाय," आतून आवाज आला.

पहिली रोटी हातावरच फाटली. दुसरी मडक्यावर पडताना दुमडली. मामांचे हात कोपरापासून थरथरत होते. वयामुळे असेल, किंवा काल दिवसभर मडकं धरून होते त्यामुळे. तिसरी बसली. तिच्यावर तपकिरी ठिपके आले, मग ती कडेनं सुटली. मामांनी ती चार घड्या करून ताटात ठेवली आणि स्वतः आत नेली. मी मागे गेलो.

भावानं आईला उशीला टेकवून बसवलं. मामा जमिनीवर, पलंगाच्या कडेला बसले. तिनं आधी ताटाकडे पाहिलं नाही, त्यांच्या हाताकडे पाहिलं, जिथे पीठ वाळलं होतं. मग एक तुकडा तोडला, तोंडात ठेवला आणि फार वेळ चावला. बाहेर इंटरकॉम परत वाजत होता आणि तो कोणी उचलत नव्हतं.

"लहान्या," आई म्हणाली, "जाड झाली."

"हो बाई," मामा म्हणाले. "हात हलून राहिला."

तिनं दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. मामा ती खाते तोवर ताट धरून बसले. ताट धरायची गरज नव्हती, ते पलंगावर ठेवता आलं असतं. त्यानंतर आईनं कोणाकडे काही खायला मागितलं नाही.

तिनं अर्धी रोटी खाल्ली. उरलेली मी खाल्ली. ती खरंच जाड झाली होती.